कॅप्टन पोर्टिअसचा खटला

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. तेथील किल्ल्याच्या खडकाखाली, दक्षिणेच्या अंगास, ग्रासमार्केट नावाचा एक लांबट चौक आहे. एके काळी तेथे गुराढोरांचा आणि घोड्यांचा बाजार भरे, आणि अठराव्या शतकात त्याच जागी गुन्हेगारांना जाहीरपणे फाशी देत असत. चौकाभोवती उंचच उंच दगडी घरे. एकेका घराला पाच-सहा मजले, काहींना त्याहूनही अधिक. फाशीच्या दिवशी त्या घरांच्या खिडक्या माणसांनी गच्च भरून जात. गिरगावातल्या चाळींच्या सज्ज्यांतून एखादी मिरवणूक पाहण्यास जशी दाटी होते तशीच ती दाटी. फरक इतकाच की खाली मिरवणुकीऐवजी मृत्यू असे.

१४ एप्रिल १७३६ रोजी या चौकात अँड्र्यू विल्सन नावाच्या माणसाला फाशी देण्यात आले. त्या दिवशी जे घडले त्याची आठवण स्कॉटलंडला जवळजवळ तीन शतके आहे. मात्र ती विल्सनमुळे राहिलेली नाही. ती राहिली आहे त्याच्या फाशीनंतर झाडल्या गेलेल्या गोळ्यांमुळे आणि त्या गोळ्यांचा जाब ज्या रीतीने मागितला गेला त्या रीतीमुळे.

विल्सन हा फाइफ परगण्यातला बेकरीवाला. चोरटा माल आणणे हा त्याचा जोडधंदा. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची पार्लमेंटे एक झाली, आणि त्यानंतर जकातीचे नवे जाचक दर लंडनहून लादले गेले अशी स्कॉटिश जनतेची भावना होती. त्यामुळे जकात चुकवून फ्रान्स-हॉलंडची दारू किनाऱ्यावर उतरविणारा माणूस सामान्य लोकांच्या दृष्टीने चोर नव्हता. सरकारी चोरीतून आपले सोडवून घेणारा तो एक धाडसी इसम होता. विल्सनचा माल वारंवार जप्त झाला. तेव्हा जानेवारी १७३६ मध्ये त्याने जॉर्ज रॉबर्टसन आणि आणखी काही साथीदार घेऊन पिटनवीम या गावी मुक्कामास आलेल्या जकात-अधिकाऱ्याला लुटले. दोघे पकडले गेले आणि दोघांनाही देहान्ताची शिक्षा झाली. तुरुंगाची खिडकी फोडून पळण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला, आणि तोही विल्सनच्या धिप्पाड देहामुळे. तो गजांत अडकून बसला आणि मागे उभ्या असलेल्या रॉबर्टसनचीही वाट बंद झाली. ही खंत विल्सनच्या मनाला लागून राहिली असावी. फाशीच्या आधीच्या रविवारी रिवाजाप्रमाणे दोघांना पहाऱ्यात प्रार्थनेसाठी चर्चमध्ये नेले असता त्याने दोन हातांत दोन शिपाई धरले, तिसऱ्याची गळपट्टी दातांत पकडली, आणि रॉबर्टसनला पळण्यास सांगितले, अशी कथा आहे. रॉबर्टसन खरोखरच निसटला आणि पुन्हा हाती लागला नाही. साहजिकच तीन दिवसांनी विल्सन वधस्तंभाकडे निघाला तेव्हा सारे शहर त्याच्याकडे दरोडेखोर म्हणून पाहत नव्हते.

एडिंबरोचा बंदोबस्त त्या काळी ज्यांच्याकडे असे त्या नगररक्षक दलाला आजच्या अर्थाने पोलीस म्हणता येणार नाही. पण काम मात्र तेच होते. दलात बहुतेक जुने, निवृत्त शिपाई असत. लोक त्यांची टिंगल करीत आणि तेही लोकांचा राग मनात धरीत. त्यांचा एक कप्तान जॉन पोर्टिअस. हा एका शिंप्याचा मुलगा. सैन्यात राहून आलेला, कवायतीत तरबेज, स्वभावाने मात्र तापट आणि हाताने सैल. (गोल्फच्या इतिहासातही त्याचे नाव आहे. १७२४ साली वीस गिनींची पैज लावून त्याने लीथच्या मैदानावर एक सामना खेळला होता आणि वर्तमानपत्रात बातमी आलेल्या पहिल्या सामन्यांत त्याची गणना होते.) विल्सनला सोडविण्याचा प्रयत्न होईल या धास्तीने नगराच्या दंडाधिकाऱ्यांनी त्या दिवशी रक्षकांना दारू आणि शिशाच्या गोळ्या वाटल्या, आणि शिवाय राजाच्या पलटणीतील काही सैनिकही जवळ आणून ठेवले. आपल्या हद्दीत दुसऱ्याची पलटण आलेली पाहून पोर्टिअसच्या रागात भर पडली असे म्हणतात.

आश्चर्य असे की फाशी शांतपणे पार पडली. सोडविण्याचा प्रयत्न झालाच नाही. विल्सनचा देह लोंबकळू लागल्यावर मात्र जमावाने जल्लादावर आणि रक्षकांवर चिखल नि धोंडे फेकण्यास प्रारंभ केला. असल्या प्रसंगी थोडीफार धोंडेफेक त्या शहरात नवी नव्हती. रक्षकांनी बंदुका चालविल्या. पुढे दल वेस्ट बो या चढाच्या अरुंद रस्त्याने परत फिरले, मागून लोक आले, आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. सहा माणसे मेली. काही वृत्तांतांत हा आकडा त्याहून अधिक आहे. जखमी तर पुष्कळच झाले.

मेलेल्यांत आणि घायाळांत खिडक्यांतून पाहणारी माणसे होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांनी दगडाला हातही लावला नव्हता, जे रस्त्यावर उतरलेही नव्हते, ती माणसे आपल्याच घरात पडली. हे कसे घडले याचे उत्तर मन अस्वस्थ करणारे आहे. काही रक्षकांना आपल्याच गावच्या लोकांवर नेम धरवेना. त्यांनी नळ्या वर उचलल्या आणि डोक्यांवरून बार काढले. मोकळ्या माळावर ही दया ठरली असती. पण ग्रासमार्केटमध्ये डोक्यांच्या वर आकाश नव्हते, तेथे पाच मजल्यांच्या खिडक्या होत्या. त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे, गोळी नळीहून किंचित लहान असे, आणि ती कोठे जाईल याचा भरवसा शंभर पावलांनंतर बंदूकवाल्यालाही नसे. अशा शस्त्राने केलेला दयाळू बार हा आंधळा बारच होता.

सरकारी नोकराने माणूस मारला की प्रकरण मिटविण्याकडे राज्यकर्त्यांचा कल असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती निराधारही नाही. एडिंबरोने या बाबतीत जे केले ते म्हणूनच उल्लेखनीय आहे. पोर्टिअसला लागलीच अटक झाली आणि जुलै १७३६ मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयापुढे त्याच्यावर खुनाचा खटला चालला. सरकार पक्षाचे म्हणणे असे की, त्याने स्वतः बंदूक झाडली आणि आपल्या माणसांना झाडण्याचा हुकूम दिला. दंडाधिकाऱ्यांनी तसा हुकूम दिलेला नव्हता. बचाव असा की, त्याने हुकूम दिलाच नाही. दगडांच्या वर्षावाने बिथरलेल्या शिपायांनी आपण होऊन बार काढले आणि कप्तानाची स्वतःची बंदूक तर न झाडलेलीच होती. साक्षी दोन्ही बाजूंनी झाल्या. कोणी शपथेवर सांगितले की त्याने एका शिपायाची बंदूक घेऊन झाडलेली आम्ही पाहिली. कोणी सांगितले की तो शिपायांना आवरीत होता. धूर, आरडाओरडा आणि शेकडो माणसांची पळापळ यांतून एका माणसाच्या तोंडचा एक शब्द निवडून काढावयाचा होता.

पंधरा पंचांच्या ज्यूरीने पोर्टिअसला दोषी ठरविले. त्यांच्या निर्णयाची शब्दयोजना मोठी प्रामाणिक आहे. त्याने बंदूक झाडली आणि झाडण्याचा हुकूम दिला असे त्यांनी म्हटलेच. पण त्याच निर्णयात, जमावाने मोठमोठे दगड फेकले आणि त्यांनी कित्येक शिपाई जखमी झाले, हेही त्यांनी नमूद केले. म्हणजे चिथावणी होती हे पंचांनी नाकारले नाही. चिथावणी असूनही तो हुकूम क्षम्य ठरत नाही, इतकेच त्यांनी सांगितले. न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. दिवस ठरला ८ सप्टेंबर आणि जागा तीच, ग्रासमार्केट.

येथपर्यंत कायद्याने आपले काम केले होते. मात्र ज्या नगरसभेच्या अधिकाऱ्यांनी कवायतीपुरत्याच शिकलेल्या, लोकांवर चिडलेल्या माणसांच्या हाती दाट वस्तीत भरलेल्या बंदुका दिल्या, त्यांना कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. दारूगोळा वाटण्याचा निर्णय घेणारा वेगळा, तोंडाने हुकूम देणारा वेगळा आणि चाप ओढणारा तिसराच. आणि जबाबदारी मात्र या तिघांपैकी जो लोकांच्या नजरेसमोर उभा होता त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडली. पोर्टिअस दोषी असेलही, बहुधा होताच. पण तो एकटा दोषी होता असे म्हणणे त्या दिवसाच्या हकिकतीवर अन्याय करणारे आहे.

राजा दुसरा जॉर्ज तेव्हा हॅनोव्हरला गेलेला होता आणि राज्यकारभार राणी कॅरोलाइन पाहत होती. पोर्टिअसच्या बाजूने प्रतिष्ठितांचे अर्ज लंडनला गेले आणि राणीने शिक्षेला सहा आठवड्यांची तहकुबी दिली. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. शंकास्पद पुराव्यावर फाशी देण्यापूर्वी पुन्हा विचार करावा, हे कोणत्याही काळी शहाणपणाचेच. परंतु एडिंबरोच्या कानांना ती बातमी वेगळीच ऐकू आली. जकात-अधिकाऱ्याची थैली लुटणाऱ्या विल्सनला तहकुबी मिळाली नाही. खिडकीतल्या माणसांचे प्राण घेणाऱ्याला मात्र ती मिळाली, आणि मिळाली ती लंडनहून. तहकुबी म्हणजे माफीची पहिली पायरी, असे जो तो धरून चालला.

७ सप्टेंबरची रात्र. गावाच्या पश्चिम वेशीबाहेरील वस्तीत ढोल वाजू लागला. जमाव वाढत गेला. त्याने एकामागून एक वेशी ताब्यात घेऊन बंद केल्या, नगररक्षकांच्या ठाण्यावर जाऊन त्यांची शस्त्रे काढून घेतली, आणि मग टोलबूथ या तुरुंगाकडे मोर्चा वळविला. वेशीबाहेर कॅननगेट भागात जनरल मॉइल याच्या हाताखाली राजाची पलटण होती. नगराचे पार्लमेंटातील प्रतिनिधी पॅट्रिक लिंडसे मदत मागण्यास त्याच्याकडे गेले. पण वाटेत जमावाने झडती घेतली तर जीव जाईल या भयाने त्यांनी जवळ लेखी हुकूम घेतलेला नव्हता. मॉइलने लेखी हुकुमाविना हलण्यास नकार दिला. त्याला भ्याड म्हणणे सोपे आहे. पण दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाविना लोकांवर गोळ्या चालविणाऱ्या अधिकाऱ्याला याच शहरात सात आठवड्यांपूर्वी फाशीची शिक्षा झाली होती, आणि तोच कैदी त्या रात्री तुरुंगात बसला होता. तेव्हा एका खटल्याने सेनाधिकाऱ्यांना जो धडा शिकविला, त्याच धड्यापायी त्या खटल्यातील आरोपीला वाचविण्यास कोणी आले नाही.

टोलबूथचा दरवाजा घणांनी फुटेना, तेव्हा तो जाळण्यात आला. पोर्टिअस धुराड्यात लपला होता. त्याला तेथून ओढून काढून वेस्ट बोच्या उतारावरून ग्रासमार्केटकडे नेले. वाटेत दोराच्या दुकानाचे दार फोडून दोर घेतला, आणि त्याची किंमत म्हणून एक गिनी दुकानात ठेवली, असे सांगतात. वधस्तंभ हाताशी नसल्याने एका रंगाऱ्याच्या खांबावर त्याला लटकविले. नंतर शस्त्रे जागच्या जागी टाकून लोक पांगले. लूट झाली नाही, दुसऱ्या कोणाला इजा झाली नाही. ही शिस्त पाहून त्या काळचे लोक थक्क झाले, आणि पुढील काळातील काही लेखकांनी तिचे कौतुकही केले आहे. पण शिस्तीने केलेला खून हा खूनच असतो. ज्या माणसाच्या अपराधाविषयी शंका होती त्याला ती शंका निस्तरण्याची संधी या शिस्तीने कायमची नाकारली.

आता सरकारची पाळी आली. माहिती देणाऱ्यास दोनशे पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. अपराध्यांना पकडण्याविषयीचा कायदा प्रत्येक चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी, तोही वर्षभर, वाचून दाखविण्याची सक्ती झाली आणि अनेक धर्मोपदेशक त्यामुळे बिथरले. इतके करूनही एडिंबरोत कोणी तोंड उघडले नाही. एका नोकरावर खटला झाला. तोही निर्दोष सुटला. मग पार्लमेंटात साऱ्या शहरालाच शिक्षा देणारे विधेयक आले: नगरप्रमुखास कैद करावे, रक्षकदल मोडून टाकावे, एक वेस पाडावी. स्कॉटिश सभासदांनी निकराचा विरोध केल्यावर १७३७ साली त्याचे जे उरले ते इतकेच, की नगरप्रमुख अलेक्झांडर विल्सन यांना पुन्हा अधिकारपद धारण करण्यास बंदी आणि नगरसभेला दोन हजार पौंड दंड. तो दंड पोर्टिअसच्या विधवेला द्यावयाचा होता. खिडकीत मेलेल्यांच्या विधवांचे त्या कायद्यात नाव नाही.

एडिंबरोचे हे प्रकरण एकटे नाही. १० मे १७६८ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस फील्ड्स या मैदानात, जॉन विल्क्स या लोकप्रिय पुढाऱ्याच्या तुरुंगापुढे मोठा जमाव जमला होता. लाल बंडी घातलेल्या एका दगडफेक्याचा पाठलाग करीत काही शिपाई एका गोठ्यात शिरले आणि तेथे सापडलेल्या तरुणाला त्यांनी गोळी घातली. हा तरुण विल्यम ॲलन. शेजारच्या खानावळवाल्याचा मुलगा. लाल बंडीवाला निराळाच होता. त्याच दिवशी नंतर झालेल्या गोळीबारात संत्री विकणारी एक बाई आणि गवताची गाडी जुळवीत असलेला एक माणूस मेला. खटला उभा राहिला. पण ॲलनवरील गोळी दुसऱ्याच शिपायाची असल्याचे सांगण्यात आले आणि तो दुसरा शिपाई तोवर पळून गेला होता. आरोपी सुटला. हुकूम देणारे न्यायाधीशही दुसऱ्या खटल्यात सुटले. युद्धखात्याच्या मंत्र्याने तर पलटणीचे आभार मानणारे पत्र धाडले. एडिंबरोत एकाच्या माथी सारे आले, लंडनमध्ये कोणाच्याच माथी काही आले नाही.

या अनुभवांतून ब्रिटिश सैन्याच्या आणि पुढे भारतीय पोलिसांच्या नियमांत एक कलम आले, जे प्रथमदर्शनी क्रूर वाटते: जमावाच्या डोक्यांवरून गोळी झाडू नये. कारण उघड आहे. वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच, आणि ती दंगेखोरापेक्षा दूर उभ्या असलेल्या निरुपद्रवी माणसाला लागण्याचा संभव अधिक. म्हणून गोळी चालवावयाची तर खाली नेम धरून, मोजकी, आणि हुकुमानेच चालवावी, असे हे नियम सांगतात. ग्रासमार्केटच्या खिडक्यांतील मृत्यूंचे उत्तर जणू त्या कोरड्या कलमात आहे.

नियम झाले, पण जाब मागण्याचा प्रश्न भारतातही सुटला नाही. १८६० च्या दंडसंहितेत हयगयीने मृत्यू घडविण्याचे स्वतंत्र कलमच नव्हते. ते ३०४-अ या क्रमांकाने १८७० साली घालण्यात आले आणि त्याला शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची होती. उलट फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने बेकायदा जमाव पांगविताना सद्‍भावनेने केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या परवानगीविना खटला भरता येऊ नये, असे संरक्षण दिले. परवानगी देणारे सरकार आणि बंदूक देणारे सरकार एकच, ही या व्यवस्थेतील अडचण आहे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न राजकीय नीतीच्या पातळीवर दोनदा ठळकपणे पुढे आला. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन राज्यात तमिळ भाषिक निदर्शकांवर गोळीबार होऊन माणसे मेली. तेथे प्रजा समाजवादी पक्षाचे मंत्रिमंडळ होते. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया त्या वेळी नैनीच्या तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आणि न्यायालयीन चौकशी मागितली. पक्षाला ते मान्य झाले नाही. लोहियांनी सरचिटणीसपद सोडले, आणि त्याच वर्षी नागपुरास भरलेल्या खास अधिवेशनातही त्यांची बाजू हरली.

दुसरा प्रसंग मुंबईचा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी, आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये शहराच्या अनेक भागांत, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पोलिसांच्या गोळ्यांनी कित्येक माणसे मेली. कामगारवस्तीतील अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंच्या चाळी, सज्ज्यांत उभी राहिलेली माणसे. ग्रासमार्केटहून ही रचना फार वेगळी नव्हे. मेलेल्यांत दगड मारणारा कोण आणि दूध आणावयास निघालेला कोण, कोणत्या ठाण्याच्या कोणत्या अंमलदाराने कोणत्या क्षणी हुकूम दिला, हे ठरविण्याचा मार्ग न्यायालयीन चौकशीचा होता. ती चौकशी झाली नाही. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडले. मुंबईच्या भवितव्याविषयीचा मतभेद हे त्याचे मुख्य कारण खरेच. पण जुलै महिन्यात लोकसभेत आपली बाजू मांडताना, या गोळीबारांची चौकशी नाकारली गेली, हाही आक्षेप त्यांनी घेतला. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, आकड्यांत रमणारा हा संयमी माणूस. त्याने गोळ्यांचा हिशेब मागावा आणि तो न मिळाल्याने उठून जावे, याला त्या काळी महाराष्ट्रात जो मान मिळाला तो केवळ भाषिक अभिमानातून आलेला नव्हता.

पुढे कायदे बदलले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि हयगयीने मृत्यू घडविण्याची कमाल शिक्षा सर्वसाधारणपणे पाच वर्षे झाली. सरकारच्या परवानगीची अट मात्र नव्या प्रक्रिया-संहितेत १५१ व्या कलमाच्या रूपाने पूर्वीसारखीच आहे.

एडिंबरोचा टोलबूथ तुरुंग १८१७ साली पाडला गेला आणि नगररक्षक दलही त्याच वर्षी मोडले. पुढच्याच वर्षी वॉल्टर स्कॉटने या साऱ्या हकिकतीवर आपली कादंबरी रचली. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत पोर्टिअसच्या थडग्यावर दोनशे वर्षांहून अधिक काळ नावाचा दगडही नव्हता. तो १९७३ साली बसविण्यात आला.